संगणकाचा अरुंद उंबरठा

चेन्नईच्या दक्षिणेस समुद्रकाठी कोवलम हे गाव आहे. पळ्ळिकरणैच्या दलदलीतील पाणी बकिंगहॅम कालव्यावाटे येथील खाडीकडे येते आणि तिच्या अरुंद मुखातून समुद्रास मिळते. मुखाशी वाळू साचली, की मागील पाणी तुंबते. समुद्र विशाल असला तरी अडचण असते ती मधल्या चिंचोळ्या वाटेची. संगणकातही अशीच एक चिंचोळी जागा असते. पाचशे गिगाबाइटची डिस्क बहुतांशी रिकामी असूनही 'जागा शिल्लक नाही' असा संदेश पडद्यावर येतो आणि वापरणारा बुचकळ्यात पडतो.

१९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या चेन्नई केंद्रात 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली तयार झाली व २००७ साली ती प्रसिद्ध झाली. तमिळनाडू शासनाने २०११ पासून विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपांवरही ती घालण्यात आली होती. ती डेबियन या प्रणालीवर उभारलेली असल्यामुळे पुढील विवेचन तिलाही लागू पडते.

यंत्राची सारी अंगे ज्याच्या हुकमतीत चालतात, त्या गाभ्यास कर्नेल म्हणतात. संगणक सुरू होताना प्रथम कर्नेल स्मृतीत येतो. मात्र डिस्क कशी वाचावी हे ज्ञान बहुधा एका निराळ्या फाइलीत, म्हणजे प्रारंभिक संचात, बांधलेले असते. या दोन्ही फाइली 'बूट' नावाच्या जागी राहतात. पुष्कळ यंत्रांत हा विभाग स्वतंत्र व लहान ठेवलेला असतो. जुन्या यंत्रांना सुरू होताना डिस्कचा आरंभीचा भागच वाचता येई, हे त्याचे एक कारण. डिस्क सांकेतिक कुलुपात असेल तर ते उघडणारा कर्नेल कुलुपाबाहेर हवा, हे दुसरे.

कर्नेलची फाइल साधारण दहा मेगाबाइटची असते; प्रारंभिक संच मात्र पन्नास ते शंभर मेगाबाइटचा, कधी त्याहूनही मोठा असतो. नवा कर्नेल आला म्हणून जुना लगेच नाहीसा होत नाही. नव्यात दोष निघाल्यास जुन्यावर परतता यावे, ही त्यामागील दूरदृष्टी. पण जुन्यांची विल्हेवाट लावली नाही, तर दोन-अडीचशे मेगाबाइटचा विभाग तीन-चार कर्नेलांतच भरून जातो.

खरा धोका यापुढचा आहे. नवा कर्नेल उतरतो, त्याचा संच मात्र जागेअभावी अर्धवट राहतो. अशा स्थितीत यंत्र पुन्हा सुरू केले, तर कर्नेलला डिस्क सापडत नाही आणि सारे जागच्या जागी थबकते. म्हणून असा संदेश आल्यास पहिला नियम हा, की यंत्र बंद करू नये. 'डीएफ' या आज्ञेने विभागात किती जागा उरली ते पाहावे. 'युनेम' या आज्ञेस 'आर' हा पर्याय जोडून चालू कर्नेल कोणता ते जाणून घ्यावे. त्याला हात लावू नये. त्याखेरीज पूर्वी नीट चाललेला आणखी एक कर्नेल राखून ठेवावा.

उरलेले जुने कर्नेल 'एपीटी ऑटोरिमूव्ह' या आज्ञेने काढावेत. हाताने फाइली पुसण्याचा मोह आवरावा. कारण प्रणालीच्या दप्तरी त्या कर्नेलची नोंद तशीच राहते व पुढे त्याचा संच नव्याने बांधण्याचा खटाटोप होऊ शकतो. अर्धवट कामामुळे 'एपीटी' अडून बसल्यास 'डीपीकेजी' या आज्ञेने एखादा जुना कर्नेल नाव देऊन काढावा, आणि मग राहिलेली मांडणी पूर्ण करून घ्यावी. नवा संच पुरता तयार झाला व आरंभीच्या यादीत नवा कर्नेल दिसला, की मगच यंत्र पुन्हा सुरू करावे.

पुढची काळजीही अवघड नाही. नवा संच बांधताना जुना काही काळ शेजारीच असतो. म्हणून एका कर्नेलपुरती मोकळीक नेहमी हवी. नव्या मांडणीत बूट विभागास एक गिगाबाइट दिल्यास ही चिंता पुष्कळ अंशी मिटते.

एकदा यंत्र अडले, की पुष्कळजण सुधारणा घेणेच सोडून देतात. ही भीती अधिक महाग पडते. २०१६ साली 'डर्टी काऊ' नावाचा कर्नेलमधील दोष उघडकीस आला. तो २००७ पासून तेथे दडून होता आणि सामान्य वापरकर्त्यास यंत्राचे सर्वाधिकार मिळवून देऊ शकत होता. त्यावरील उपाय नव्या कर्नेलमधूनच आला. थोड्याशा जागेपायी असा उपाय दारातच अडून राहणे परवडणारे नाही. खाडीचे मुख पावसापूर्वी मोकळे करतात. बूट विभागही सुधारणा घेण्यापूर्वीच पाहून ठेवणे शहाणपणाचे होय.