जपानी शाळांचा खेड्यातील मुक्काम

आपल्याकडे शाळेची सहल म्हटली की एक दिवसाचे वनभोजन, एखादा किल्ला अथवा देवालय आणि परतीच्या वाटेवरील गाणी एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. जपानमध्ये सहलीची प्रतिष्ठा याहून पुष्कळ मोठी आहे. तेथे ती शिक्षणक्रमाचेच एक अंग मानली जाते आणि तिला नावही तसेच आहे : ‘शूगाकु र्‍योको’, म्हणजे विद्यार्जनासाठी केलेला प्रवास. या प्रथेचा उगम १८८६ साली झाला असे सांगतात. टोकियो येथे शिक्षक तयार करणाऱ्या सरकारी विद्यालयाचे विद्यार्थी त्या वर्षी चिबा प्रांतातील चोशी या समुद्रकाठच्या गावापर्यंत पायी गेले. वाटेत कवायतही होती आणि निसर्गनिरीक्षणही. पुढे आगगाडीचे जाळे पसरले, तशी कवायत मागे पडली आणि क्योतो व नारा येथील प्राचीन मंदिरांकडे शाळांची रीघ लागली. १९५९ साली तर केवळ या सहलींसाठी ‘हिनोदे’ आणि ‘किबो’ या नावांच्या खास गाड्या सुरू झाल्या. सूर्योदय आणि आशा असे या नावांचे अर्थ आहेत.

मंदिरे पाहण्याची ही वाट सोडून काही शाळा गेल्या तीस वर्षांत शेतकऱ्याच्या दाराशी येऊन थांबू लागल्या आहेत. हे असे का घडले?

जपानी शहरवासीयांच्या एका पिढीला आजोळ होते. भाद्रपदातील पितृपक्षाची आठवण करून देणारा ‘ओबोन’ नावाचा सण तेथे उन्हाळ्यात येतो. त्या दिवसांत टोकियो-ओसाकाची मुले आजोबांच्या खेड्यात जात, ओढ्यात डुंबत, भाताच्या बांधावरून धावत. महायुद्धानंतरच्या औद्योगिक भरभराटीत लक्षावधी तरुण शहरांत गेले आणि तेथेच स्थिरावले. त्यांच्या नातवंडांचे आजोळ शहरातच, उंच इमारतीतील दोन खोल्यांत! दुसऱ्या बाजूला खेड्यात घरे मोठी राहिली, माणसे मात्र थोडी आणि म्हातारी. एकीकडे आजोळाविना वाढणारी मुले आणि दुसरीकडे नातवंडांविना पडलेली घरे, यांची गाठ घालून देण्याचा हा उद्योग आहे.

क्यूशू बेटावरील ओइता प्रांतात आजिमु नावाचे गाव द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील शेतकऱ्यांनी १९९६ साली पाहुण्यांना आपल्या राहत्या घरात उतरवून घेण्यास प्रारंभ केला. प्रारंभीच अडचण आली ती कायद्याची. पैसे घेऊन माणसे ठेवावयाची तर खाणावळ आणि पांथशाळा यांचे सर्व नियम लागू होणार, आणि शेतकऱ्याचे स्वयंपाकघर त्या नियमांत कसे बसावे? २००२ साली ओइता प्रांताच्या शासनाने हे नियम सैल केले. त्यात एक मोठी मार्मिक तरतूद होती. पाहुण्याने यजमानाबरोबर स्वयंपाकाला हात लावला, तर ते घर खाणावळ ठरत नाही! त्यामुळे आज विद्यार्थी यजमानीणबाईंच्या शेजारी उभा राहून मुळा किसतो, मिसोचे सूप ढवळतो, ते केवळ हौसेखातर नव्हे; कायद्यालाही तेच मानवते. शिक्षणशास्त्रज्ञांना जे पटवून देण्यास वर्षे लागली असती ते एका शासकीय सूचनेने सहज साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

नागानो प्रांताच्या दक्षिणेस तेनर्‍यू नदीच्या खोऱ्यात ईदा हे शहर आहे. १९४७ च्या भीषण आगीत ते बहुतांशी जळून गेले. पुनर्रचनेच्या काळात, १९५३ मध्ये, तेथील एका माध्यमिक शाळेच्या मुलांनी मुख्य रस्त्यावर सफरचंदांची झाडे लावली. ती रांग आजही त्या शहराचे भूषण आहे. याच परिसरातील खेड्यांत शाळांचे मुक्काम होऊ लागले. बस गावच्या सभागृहापाशी थांबते. एका बाजूस विद्यार्थी, समोर यजमान शेतकरी असा एक छोटा ‘ग्रामप्रवेश’ समारंभ होतो, नावे पुकारली जातात आणि चार-पाच मुलांचा एकेक गट अनोळखी आजी-आजोबांच्या मोटारीत बसून डोंगराकडे निघून जातो. शिक्षक बरोबर जात नाहीत. या पद्धतीचे सारे बळ त्यातच आहे.

घरात शिरताना जोडे उंबऱ्याखालीच काढावयाचे, हे जपानी मुलांना सांगावे लागत नाही. पण बाकी पुष्कळ गोष्टी नव्या असतात. एकाच हौदातील ऊन पाण्यात सारे कुटुंब पाळीपाळीने बसते. म्हणून हौदाबाहेर अंग स्वच्छ धुऊन मगच आत उतरावयाचे आणि पाहुण्याने सर्वांआधी, असा मान. पितरांचा देव्हारा अनेक घरांत असतो आणि नव्या भाताचा पहिला घास तेथे ठेवला जातो. भाताच्या वाटीत काड्या उभ्या रोवल्या की आजीबाई दचकतात, कारण तसा भात मृताच्या उशाशी ठेवतात. शरद ऋतूत आलेल्यांना ‘काकी’ नावाची तुरट फळे सोलून दोरीला टांगण्याचे काम मिळते. ती वाळत गेली की तुरटपणा जाऊन अंगावर साखरेची पांढरी पूड येते.

भातलावणी हे या मुक्कामाचे मुख्य आकर्षण. अनवाणी पाय गुडघाभर चिखलात जातात, किंकाळ्या उठतात, ओळी वाकड्या होतात. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लावणीची यंत्रे १९७० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरली. खाचराचे कोपरे सोडले तर जपानी शेतकरी आता हाताने रोप लावीत नाही. मुले जी परंपरा अनुभवतात ती शेतकऱ्याने स्वतः मागे टाकलेली असते. आपली ‘इर्जिक’ किंवा ‘सावड’ होती तशी त्यांची ‘युइ’ ही श्रमांची देवघेव होती. शिराकावा खोऱ्यातील प्रचंड गवती छपरांच्या शाकारणीत तिचे दर्शन अजून घडते. इतरत्र ती विरळ झाली. या कारणावरून काहीजण या मुक्कामांना देखावा म्हणतात. आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु चिखल खरा असतो, आजोबांची कंबरदुखी खरी असते आणि रात्री जेवताना त्यांनी सांगितलेली गावची शाळा बंद पडल्याची हकीकतही खरी असते. देखाव्यात एवढे सामावत नाही.

२००८ साली केंद्र शासनाची तीन मंत्रालये एकत्र आली आणि देशातील सर्व प्राथमिक शाळांच्या मुलांनी सुमारे आठवडाभर खेड्यात राहावे अशी महत्त्वाकांक्षी योजना त्यांनी मांडली. २००७ पासून जपानने आशियातील तरुणांना निमंत्रण देण्याचा उपक्रम चालविला. त्यातून भारतीय विद्यार्थ्यांनीही जपानी कुटुंबांत मुक्काम केला आहे.

तथापि सारी मदार यजमानांवर, आणि यजमान थकत चालले आहेत. २०२० च्या कृषिगणनेत जपानमधील मुख्यतः शेतीवर राबणाऱ्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे भरले. दहांतील सात जण पासष्ट वर्षांवरील. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीने सहली रद्द झाल्या, आणि वृद्ध यजमानांपैकी काहींनी नंतर पुन्हा दार उघडले नाही. श्रोत्यांनी साधा हिशेब करून पाहावा. दोनशे मुलांची शाळा, एका घरी चार मुले, तर एकाच रात्री पन्नास घरे हवीत. तेवढी घरे एका खेड्यात मिळणे दुर्मिळ. ईदा आणि आसपासच्या गावांनी मिळून २००१ साली एक कंपनी काढली ती अशा गरजांसाठीच. कोणत्या घरी किती मुले, कोणाला कोणते पदार्थ वर्ज्य, कोणते आजोबा यंदा आजारी आहेत, याची यादी ठेवणे आणि एका खोऱ्यातील घरे कमी पडली की पलीकडच्या खोऱ्यात विचारणा करणे, हे तिचे काम.