डोंबिवलीच्या नावाची संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी ही संख्या डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती तीच राहते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील स्थाननामे लावली, तर तिचा पहिला एक ‘मध्य’ या स्थानी येतो. ‘परार्ध’ तेथून केवळ एक घर पुढे!

कोणी हौसेने हे आकडे मांडले असतील असे वाटते. पण तसे नाही. १११११११११ या संख्येला तिनेच गुणून पाहा. शाळेतल्या पद्धतीने गुणाकार मांडला की एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत उतरतात. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच ‘एक’, दुसऱ्यात दोन, मधल्या घरात नऊ आणि मग पुन्हा उतरती भाजणी. बेरीज येते ती हीच. दहा एकांचा वर्ग केला, तर मात्र मधल्या घरात दहा जमतात, हातचा येतो आणि सारी शिस्त मोडते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांचे ‘डेम्लो’ असे बारसे केले देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. कल्पना सुचली ती जीआयपी रेल्वेच्या डोंबिवली स्थानकावर. म्हणून नावही त्या स्थानकाचेच.

अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, म्हटले. १८ घ्या : बेरीज ९, भाग जातो. आता आपल्या संख्येतील अंक मिळवा. बेरीज ८१. भागून पाहा : बाकी शून्य, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. हा भागाकार पुन्हा १२३४५६७९ चा वर्ग. आठ तेवढा गळालेला! कारण सोपे आहे. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून १११११११११ ला नऊने भाग जातो. अर्थात तिच्या वर्गाला एक्याऐंशीने.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न कापरेकरांच्याही वाट्याला आला. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या शिक्षकाचे काम अनेक पंडितांना पोरखेळ वाटले. १९३० ते १९६२ त्यांनी देवळालीत मुलांना शिकवले. निवृत्तिवेतन पुरेना म्हणून पुढे शिकवण्याही केल्या. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर पोचले. तोवर त्यांनी सत्तरी गाठली होती.

साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर ही संख्या मावत नाही. तेव्हा आज दुपारी पाटी किंवा पाठकोरा कागद घ्या आणि घरातल्या मुलांना ११ चा, १११ चा, ११११ चा वर्ग करायला सांगा. दहा एकांपाशी घडी का विस्कटते, हे त्यांचे त्यांना शोधू द्या. गुण नसलेले गणित सोडवण्याची गोडी एकदा लागली, की गुणांच्या गणिताची धास्ती उरत नाही.