जपानमधील परदेशी शिक्षकाचे स्वयंपाकघर

मुदत : १९८७ साली सरकारी आश्रयाने सुरू झालेल्या ‘जेट’ योजनेतील सहायक भाषाशिक्षकाचा करार एका वर्षाचा, कमाल पाच वर्षांपर्यंत वाढविता येतो.

वीज : १०० व्होल्ट, सबब २३० व्होल्टांचा आपला मिक्सर वाटणाच्या कामी जवळजवळ निरुपयोगी.

भात : तांदूळ आखूड दाण्याचा, चिकट. माप ‘गो’, म्हणजे १८० मिलिलिटर. राइस कुकरच्या भांड्यातील पाण्याच्या रेघा याच मापाच्या व याच तांदळाच्या हिशेबाने आखलेल्या असल्याने, बासमती शिजविणाऱ्याने त्यांवर विसंबू नये.

शाळेतील जेवण : कायदा १९५४ चा. प्राथमिक शाळेत वाढपी विद्यार्थीच. शाकाहाऱ्याने ध्यानी ठेवावे की, वरकरणी केवळ भाज्यांच्या दिसणाऱ्या सुपातही बहुधा ‘दाशी’, अर्थात सुक्या बोनिटो माशाचा अर्क, असतो.