स्वतःचा घास स्वतःच्या हाताने

सकाळी उठल्यापासून शाळेत पोहोचेपर्यंत आपण किती कामे करतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? दात घासणे, केस विंचरणे, सदऱ्याची बटणे लावणे, पोळीचा तुकडा मोडणे ही कामे आपल्या अंगवळणी पडलेली असतात. पण साधे बटण लावायचे म्हटले, तरी एका हाताने काज धरावे लागते व त्याच वेळी दुसऱ्या हाताने बटण सरकवावे लागते. काही मुलांना हे साधत नाही. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे कोणाचे स्नायू ताठर असतात, तर कोणाच्या बोटांत पुरेसा जोर नसतो. अशी मुले आळशी मुळीच नसतात.

त्यांना साहाय्य करणाऱ्या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. ज्या कामांत माणसाचा दिवस जातो, ती सारी कामे म्हणजे व्यवसाय. जेवणे, खेळणे, लिहिणे हा मुलांचा व्यवसायच होय. भारतात हे शास्त्र शिकविणारे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाले. जन्माने अमेरिकन असलेल्या व विवाहानंतर भारतीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी त्याची स्थापना केली.

व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रथम मुलाचे काम बारकाईने पाहतात. मग त्या कामाचे लहान लहान भाग पाडतात. बटण काजात अर्धे घालून देतात व उरलेले मुलाला ओढावयास सांगतात. काम पुरे झाल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो. पुढे हळूहळू मुलाचा वाटा वाढतो आणि तज्ज्ञांचा कमी होतो. बोटांत बळ यावे म्हणून कणीक मळणे, मणी ओवणे असे खेळ असतात. कधी वस्तूच बदलावी लागते. चमच्याची मूठ जाड केली की तो नीट धरता येतो. पाय अधांतरी लोंबत असले तर हात स्थिर राहत नाही. म्हणून पायांखाली पाट ठेवतात.

घरची माणसे मायेपोटी अशा मुलाला भरवतात. परंतु नेहमीच दुसऱ्याने भरविले, तर हात शिकणार कसा? तुमच्या वर्गातील एखादा सोबती डबा उघडण्यास वेळ लावीत असेल, तर त्याला हसू नका आणि त्याच्या हातून डबा ओढूनही घेऊ नका. क्षणभर थांबा. त्याने मागितली तर मदत अवश्य करा. स्वतःच्या हाताने खाल्लेल्या घासाची गोडी त्यालाही चाखू द्या.