लष्करी छावणी आणि तिचा परिसर : पुण्याच्या उदाहरणावरून एक विवेचन

मोठ्या लष्करी तळाचा सभोवतालच्या प्रदेशावर काय परिणाम होतो, या प्रश्नाची चर्चा बहुधा दोन टोकांवरून केली जाते. एका पक्षाच्या मते तळ म्हणजे परिसराला लाभलेले कायमचे गिऱ्हाईक होय. सैनिकांचे पगार स्थानिक बाजारात खर्च होतात, रसदीची कंत्राटे निघतात, कारखान्यांत व भांडारांत माणसे कामाला लागतात. दुसऱ्या पक्षाच्या मते तळ हा परिसरावरील भार होय, कारण तो जमीन अडवून ठेवतो, रस्ते रोखतो आणि स्थानिक संस्थांच्या अधिकाराबाहेर राहतो. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि या दोन परिणामांचे आयुर्मान सारखे नसते, ही गोष्ट अशा चर्चेत सहसा लक्षात घेतली जात नाही. तळाचा खर्च पलटणींबरोबर वाढतो आणि घटतो. जमिनीची आखणी, हद्द आणि त्यांमागील कायदा मात्र मूळ लष्करी प्रयोजन बदलल्यानंतरही टिकून राहतो. पुणे शहर व त्याभोवतालच्या छावण्या यांचा दोनशे वर्षांचा इतिहास या भेदाचे उत्तम उदाहरण आहे.

१. जागेची निवड

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. लगोलग छावणीची उभारणी सुरू झाली. तिच्या जागेची निवड व्यापाराच्या किंवा शेतीच्या दृष्टीने झाली नव्हती. जिंकलेल्या राजधानीवर नजर ठेवता यावी, पण तिच्या दाट वस्तीत मिसळावे लागू नये, हा तिच्यामागील हेतू होता. म्हणून मुख्य छावणी पेठांच्या पूर्वेस मोकळ्या माळावर बसली आणि दुसरी मुंबईच्या वाटेवर खडकीस. शहर या दोहोंच्या मध्ये आले.

या एका निर्णयाने पुण्याच्या वाढीची दिशा पुढील दीड शतकासाठी बरीचशी ठरून गेली. १८५८ साली मुंबईकडून लोहमार्ग आला तेव्हा स्थानक पेठांना लागून न होता छावणीच्या बाजूस झाले. ससून रुग्णालय आणि जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी हीदेखील शहर व छावणी यांच्यामधील पट्ट्यात उभी राहिली. पुण्यात 'गाव' आणि 'लष्कर' अशी जी दोन नावे रूढ झाली, ती केवळ दोन भागांची नावे नसून दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांची नावे होती.

छावणीतील रुंद रस्ते, मोठी आवारे आणि मोकळी मैदाने यांचे कारणही लष्करीच होते. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ साली प्रसिद्ध झाला. रणांगणापेक्षा रोगराईने अधिक सैनिक दगावतात, हे त्यावरून स्पष्ट झाले होते. १८६४ च्या छावणी कायद्याने आरोग्य, बाजार व वस्ती यांवरील नियंत्रणाचे अधिकार छावणीच्या अधिकाऱ्यांना दिले. अर्थात ही आरोग्यव्यवस्था मूलतः गोऱ्या शिपायासाठी होती. लगतच्या पेठांना तिचा लाभ मिळावा असा तिचा हेतू नव्हता.

२. पाणी आणि रसद

छावणीची गरज परिसराची रचना कशी बदलते, हे पाण्याच्या बाबतीत स्पष्टपणे दिसते. पेशवाईत शहरास कात्रजच्या तलावातून नळाने पाणी येत असे. छावणी मात्र त्या व्यवस्थेच्या बाहेर होती. पुढे १८६९ ते १८७९ या काळात खडकवासल्याचे धरण बांधले गेले. पुणे व खडकी येथील छावण्यांना आणि शहराला पाणी देणे, तसेच कालव्याने शेती भिजवणे, अशी दुहेरी कल्पना त्यामागे होती. मुठेचा कालवा छावणीच्या बाजूने पुढे हडपसर-मांजरीकडे गेला आणि त्याच्या काठी बागायत वाढली. या बागायतीतील भाजीपाल्याला लष्करचा बाजार हे जवळचे आणि रोखीचे गिऱ्हाईक मिळाले.

येथे कार्यकारणाची साखळी नीट पाहिली पाहिजे. छावणीने भाजीपाला विकत घेतला हा तिचा प्रत्यक्ष परिणाम. पण ज्या धरणाच्या उभारणीत तिच्या गरजेचा वाटा होता, ते धरण पुढे संपूर्ण शहराच्या आणि पूर्वेकडील शेतीच्या जीवनाचा आधार बनले, हा अप्रत्यक्ष परिणाम अधिक मोठा ठरला. याउलट केवळ खरेदी-विक्रीवर उभे असलेले संबंध लष्कराच्या एका आदेशाने संपुष्टात येऊ शकतात. दुधाच्या पुरवठ्यासाठी इंग्रजी अमलात सुरू झालेली लष्करी दुग्धालये देशभर २०२१ साली बंद करण्यात आली, हे त्याचे अलीकडील उदाहरण आहे.

३. वस्ती आणि रोजगार

पलटणींच्या मागोमाग बाजार येतो, हा जुना अनुभव आहे. पुण्याच्या सदर बाजारात पारशी, बोहरी, गोमंतकीय ख्रिस्ती, तमिळ भाषिक मुदलियार, बगदादी यहुदी अशा अनेक समाजांचे लोक व्यापार, कंत्राटे व नोकरी यांच्या निमित्ताने स्थायिक झाले. डेव्हिड ससून यांनी बांधविलेले यहुदी प्रार्थनामंदिर पुणेकरांच्या तोंडी आजही 'लाल देऊळ' आहे. गावातील वस्ती बरीचशी जातवार पेठांची, तर लष्करची वस्ती व्यवसायाच्या ओढीने जमलेल्या परस्थांची, असा फरक त्यामुळे निर्माण झाला.

रोजगाराच्या बाबतीत छावणीचा परिणाम सर्व थरांवर सारखा झाला नाही. परंपरेने गावकीच्या कामास जखडलेल्या अस्पृश्य मानलेल्या समाजाला लष्कराने पगारी नोकरी, शिक्षण आणि गावाबाहेर पडण्याची वाट दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील लष्करी नोकरीत होते आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू या छावणीच्या गावी झाला, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. परंतु जी वाट सरकारी धोरणाने उघडते, ती सरकारी धोरणाने बंदही होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती थांबविण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज करण्यात आला. महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडले. दरम्यानच्या काळात एका संपूर्ण समाजाच्या उन्नतीचा मार्ग दूरच्या कचेरीतील निर्णयावर अवलंबून राहिला. तळावर आधारलेल्या रोजगाराचा हा अंगभूत दोष होय.

कारखान्यांचे स्थान याहून वेगळे आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला, आणि उच्च स्फोटकांचा कारखाना १९४० साली. धातुकाम व यंत्रकाम जाणणारा पगारी कामगारवर्ग या भागात खाजगी उद्योग मोठ्या प्रमाणावर येण्यापूर्वीच तयार होऊ लागला होता. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना खडकीसच निघाला. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वाढीचे श्रेय एकट्या लष्करी कारखान्यांना देता येणार नाही. मुंबईचे सान्निध्य, लोहमार्ग, हमरस्ता आणि १९६२ नंतरचे राज्याचे औद्योगिक धोरण ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत. तरीही खर्च झालेला पैसा आणि हाताला मिळालेले कौशल्य यांत भेद केला पाहिजे. कौशल्य कामगाराबरोबर दुसऱ्या कारखान्यात जाते व परिसरात राहते.

४. हद्दीबाहेरील निर्बंध

स्वातंत्र्यानंतर पुण्याचे लष्करी महत्त्व घटले नाही, उलट वाढले. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय १९४८ साली स्थापन झाले. त्याच वर्षी लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय रुरकीहून येथे आले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला १९४९ साली बसविण्यात आली व १९५५ साली ती सुरू झाली; तिच्यासाठी तत्कालीन मुंबई राज्याने आठ हजार एकरांहून अधिक जमीन दिली. देहूरोड येथे १९५८ साली स्वतंत्र छावणी झाली. अशा रीतीने शहराच्या पूर्वेस, वायव्येस आणि नैर्ऋत्येस लष्करी जमिनींचे मोठे पट्टे तयार झाले.

तळाचा प्रभाव त्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. १९०३ च्या संरक्षण बांधकाम कायद्यान्वये लष्करी ठाण्याभोवतीच्या खाजगी जमिनीवरही बांधकामबंदी घालता येते. देहूरोडच्या दारूगोळा भांडाराभोवती २,००० यार्डांचा, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटरचा असा पट्टा आहे. निगडी, तळवडे या बाजूंस ज्यांनी त्या पट्ट्यात घरे बांधली, त्यांच्या घरांना कायदेशीर मान्यता मिळणे दुरापास्त झाले. स्फोटाचा धोका खरा असल्यामुळे निर्बंध निराधार म्हणता येत नाही. परंतु त्याचा आर्थिक बोजा संपूर्ण देशाने न उचलता त्या पट्ट्यातील जमीनधारकाने उचलावयाचा, ही त्यातील विषमता होय.

लोहगावचा विमानतळ हे याच प्रकारचे दुसरे उदाहरण आहे. १९३९ साली लष्करी गरजेतून तो उभा राहिला आणि नागरी विमानांनी हवाईदलाचीच धावपट्टी वापरावी अशी व्यवस्था पुढे रूढ झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी नागरी उड्डाणे दोन आठवडे पूर्णपणे थांबली. तयार धावपट्टी मिळाल्यामुळे शहराचा खर्च वाचला. मात्र शहराच्या हवाई वाहतुकीची मर्यादा दुसऱ्याच्या सोयीने ठरू लागली.

या निर्बंधांची एक दुसरी बाजूही आहे. प्रबोधिनीचे डोंगरउतार, घोरपडी-वानवडीकडील मैदाने आणि छावणीतील जुने वृक्ष आज शिल्लक आहेत, कारण तेथे घरबांधणीचा बाजार पोचू शकला नाही. पर्यावरणाचे रक्षण हा लष्कराचा उद्देश नव्हता. परंतु शहराला मोकळी हवा व पाणी मुरण्यास जागा देणारे काही मोठे पट्टे अशा रीतीने वाचले. म्हणून लष्करी जमीन खुली झाली की परिसराचा निव्वळ लाभच होईल, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल.

५. जमीन, कर आणि प्रतिनिधित्व

छावणीचा कारभार कटक मंडळाकडे असतो. आधी १९२४ चा व नंतर २००६ चा छावणी कायदा हा त्याचा आधार. मंडळाचे अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडे राहते. लोकनियुक्त सदस्यांची मुदत २०२१ साली संपल्यानंतर निवडणुका न होता नियुक्त मंडळांकडून कारभार चालविण्यात आला. एप्रिल २०२३ मध्ये व्हावयाच्या निवडणुका जाहीर होऊन रद्द झाल्या.

करव्यवस्थेची अडचण घटनात्मक आहे. संविधानाच्या २८५ व्या अनुच्छेदानुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसविता येत नाही. म्हणजे हद्दीतील बहुतांश जमीन करमुक्त. तिच्या मोबदल्यात सेवाशुल्क मिळावयाचे, पण ते केंद्राच्या तरतुदीवर अवलंबून. पुणे कटक मंडळाच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात हा होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर तोही गेला.

याहून मूलभूत प्रश्न धारणाधिकाराचा आहे. छावणीतील अनेक जुने बंगले 'ओल्ड ग्रँट' पद्धतीचे आहेत. त्यांत इमारत कब्जेदाराची, जमीन सरकारची. इमारतीची भरपाई देऊन जमीन परत घेण्याचा अधिकार सरकारपाशी राखलेला. अधिकाऱ्यांच्या निवासाची सोय हवी तेव्हा व्हावी, यासाठी एकोणिसाव्या शतकात हा नियम योग्य होता. आज त्याच नियमाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबास घराची पुनर्बांधणी करणे किंवा ते तारण ठेवणे कठीण जाते. मूळ गरज संपली आहे, नियम उरला आहे.

६. निष्कर्ष

एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील खासयोलची छावणी विसर्जित करण्यात आली, आणि देशातील अन्य छावण्यांचा नागरी भाग लगतच्या नगरसंस्थांत समाविष्ट करण्याचे धोरण पुढे आले. पुणे, खडकी व देहूरोड यांच्या बाबतीत या धोरणाचा विचार करताना वरील विवेचनातून तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, स्थानिक संस्था बदलल्याने धारणाधिकार आपोआप बदलत नाही. त्याची वेगळी सोडवणूक केली नाही, तर रहिवाशाच्या डोक्यावरील पाटी तेवढी बदलेल. दुसरी, मोकळ्या लष्करी जमिनीचे मूल्य बाजारभावाने मोजणे पुरेसे नाही. तिसरी, तळाच्या परिणामांचा हिशेब पगार व कंत्राटे यांच्या बेरजेने पुरा होत नाही.

या शेवटच्या गोष्टीला अभ्यासपद्धतीच्या दृष्टीने महत्त्व आहे. खर्चाचे आकडे अर्थसंकल्पात मिळतात, म्हणून अभ्यास तेथून सुरू करण्याचा मोह होतो. परंतु पुण्यातील पलटणी अनेकदा बदलल्या, राज्यकर्ते बदलले, कारखान्यांची मालकीसुद्धा २०२१ साली सरकारी मंडळाकडून सरकारी कंपन्यांकडे गेली. १८१७ नंतर माळावर आखलेली रेषा मात्र आजही शहराच्या नकाशावर ओळखता येते. तळाच्या परिसराचा अभ्यास करणाऱ्याने जमाखर्चाच्या वहीआधी त्या रेषेचा नकाशा पुढ्यात घेणे श्रेयस्कर होय.