आठ कलांचा हिशेब

पाटबंधारे खात्यात माझी सारी हयात कालव्यांच्या मोजणीत गेली. मोजणीवाल्याला एक सवय लागते. ट्रॅव्हर्स (ठाण्यामागून ठाणे घेत केलेली मोजणी) फिरून पहिल्या ठाण्यावर आला, की सगळ्या कोनांची बेरीज करायची. ती तंतोतंत कधीच येत नाही; एखादी कला कमी, नाहीतर जास्त. (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. पंचांगात ग्रहांपुढे अंश-कला छापतात, त्याच या.) फरक नियमात बसत असेल तर तो सगळ्या कोनांत सारखा वाटून टाकायचा आणि नकाशा पुरा करायचा. बसत नसेल तर छत्री, ट्रायपॉड उचलून पुन्हा उन्हात.

योहानेस केप्लरची गोष्ट वाचताना मला म्हणूनच आमच्यातलाच एक माणूस भेटल्यासारखे वाटते. मंगळाच्या हिशेबात त्याला आठ कलांचा फरक आला आणि त्याने तो वाटून टाकला नाही.

पण गोष्टीची सुरुवात केप्लरपासून करणे हा अन्याय होईल. आधी टिको ब्राहे. डेन्मार्कच्या राजाने या सरदाराला ह्वेन नावाचे बेट दिले आणि १५७६ पासून तिथे त्याने वेधशाळा उभारली. दुर्बीण अजून निघालेली नव्हती, सगळे काम नुसत्या डोळ्यांचे. भिंतीत बसवलेला त्याचा पितळी पादयंत्राचा (पाव वर्तुळाच्या कोनमापकाचा) कंस सुमारे दोन मीटर त्रिज्येचा होता आणि त्यावर तिरक्या ठिपक्यांच्या ओळी कोरून त्याने अंशाचे बारीक भाग पाडले होते. माझ्या थिओडोलाइटला भिंग होते, व्हर्निअर होता, वीस विकलांपर्यंत (कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) वाचता यायचे. या गृहस्थाने यातले काहीही नसताना साधारण एका कलेपर्यंत मजल मारली. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. एकच तारा तो वेगवेगळ्या यंत्रांनी मोजून बघत असे. क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाश वाकतो, त्याच्या दुरुस्तीचे कोष्टकही त्याने केले होते. म्हणजे आपले यंत्र किती चुकू शकते, हे त्याला ठाऊक होते. जुन्या निरीक्षणांच्या वह्यांत नेमकी हीच माहिती नसे.

द्वंद्वयुद्धात नाक गमावलेला, तापट टिको पुढे राजाशी बिनसल्यामुळे बेट सोडून प्रागला सम्राट रुडोल्फच्या आश्रयाला आला. १६०० साली केप्लर तिथे पोचला. ग्राट्झमधला गणिताचा हा शिक्षक, लहानपणीच्या देवीच्या आजारामुळे डोळ्यांनी अधू. निरीक्षण करणे त्याला जमण्यातले नव्हते. त्याच्या वाट्याला आला मंगळ, सगळ्यात त्रासदायक ग्रह. आठ दिवसांत सोडवतो, अशी पैज त्याने लावली. लागली पाच वर्षे. दरम्यान १६०१ मध्ये टिको वारला आणि वारसांचे लक्ष नाही असे बघून केप्लरने निरीक्षणांच्या वह्या ताब्यात घेतल्या. हे त्याने पत्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. आमच्या खात्यात असे कोणी केले असते तर चौकशी लागली असती. पण खगोलशास्त्राचे त्यात भलेच झाले.

केप्लरने आधी जुन्याच रीतीने वर्तुळ घेतले, सूर्य मध्यापासून थोडा बाजूला. चार निरीक्षणे घेऊन अंदाजाने आकडे धरायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा धरायचे. लॉगरिदमची कोष्टके १६१४ ची; तेव्हा हे सगळे गुणाकार-भागाकार हाताने. निदान सत्तर वेळा हे केले, माझी कीव करा, असे तो वाचकालाच सांगतो. शेवटी मंगळाची दिशा दोन कलांच्या आत जुळली. इथे दुसरा कोणीही थांबला असता. त्याने अंतरे तपासली, ती जुळेनात. अंतरे जुळवायला मध्य सरकवला, तर दिशा बिघडली, काही ठिकाणी आठ कलांनी.

आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा. आमच्या भाषेत, एक किलोमीटरवरची खूण सव्वादोन मीटरहून थोडी जास्त सरकणे. स्वतः कोपर्निकसला दहा कलांपर्यंत जुळले असते तरी आनंद झाला असता, असे त्याचा शिष्य ऱ्हेटिकस सांगतो. केप्लरचा युक्तिवाद मात्र साधा होता: टिको आठ कला चुकणारा माणूस नव्हे. मग चूक वर्तुळात आहे. दोन हजार वर्षे आकाशात वर्तुळाशिवाय दुसरा आकार कोणी मानला नव्हता.

यापुढे त्याने जे केले ते वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ज्या जमिनीवरून आपण मोजतो ती पृथ्वी नेमकी कुठे आहे, हे आधी ठरवले पाहिजे, हे त्याच्या ध्यानात आले. मंगळ ६८७ दिवसांत सूर्याभोवती फेरी पुरी करतो, म्हणजे तितक्या दिवसांनी तो बरोबर त्याच जागी असतो. पृथ्वी मात्र दुसरी फेरी पुरी करायला साधारण त्रेचाळीस दिवस कमी असते, म्हणून वेगळ्या जागी. मग टिकोच्या वह्यांतून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेली निरीक्षणे शोधायची. सूर्य आणि मंगळ ही दोन पक्की ठाणी, त्यांच्यातले अंतर ही आधाररेषा, आणि दर वेळी कोनांवरून पृथ्वीची जागा काढायची. हे त्रिकोणन आहे! डोंगरमाथ्यांवर निशाणे लावून आम्ही जे करतो ते त्याने मंगळाला खुंटी मानून केले. निष्पन्न झाले ते असे की पृथ्वीही इतर ग्रहांसारखीच सूर्याजवळ वेगाने आणि दूर गेल्यावर सावकाश चालते. सूर्यापासून ग्रहापर्यंतची रेषा सारख्या काळात सारखे क्षेत्रफळ आक्रमते, हा नियम त्यातूनच पुढे आला.

कक्षेचा आकार त्यानंतरचा, आणि त्यात तो बराच चाचपडला. अंड्याचा आकारही धरून पाहिला. वर्तुळ आणि खरी कक्षा यांच्यातली फट सगळ्यात रुंद जागी त्रिज्येच्या एक लाखाला ४२९ एवढी होती. एका वेगळ्याच कोष्टकात १.००४२९ हा आकडा समोर आला आणि धागा हाती लागला. तरी तो पुन्हा एकदा भरकटला. १६०५ मध्ये निश्चित झाले: कक्षा लंबवर्तुळ, सूर्य त्याच्या एका नाभीत. एक मीटर व्यासाचे वर्तुळ काढले तर मंगळाची कक्षा त्याहून एका बाजूने चार मिलिमीटरच आखूड भरेल. कागदावर काढून दाखवली तर तुम्हाला ती वर्तुळच वाटेल. टिकोच्या वारसांच्या भांडणामुळे ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ छापायला १६०९ साल उजाडले.

स्वागत थंडच झाले. गॅलिलिओने लंबवर्तुळ कधीच मनावर घेतले नाही, वर्तुळावरच राहिला. इतक्या डोळस माणसाचे हे मला अजून कोडे आहे. खरी तपासणी ग्रहांच्या जागा सांगणाऱ्या कोष्टकांनी केली. केप्लरची रुडोल्फी कोष्टके १६२७ मध्ये आली. तो १६३० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये गासेंदी नावाच्या खगोलनिरीक्षकाने बुध सूर्यबिंबावरून जाताना पाहिला. जुनी कोष्टके कित्येक अंशांनी चुकली, केप्लरची पाव अंशाच्या आत.

याच कोष्टकांनुसार १६३९ मध्ये शुक्र सूर्याला निसटता चुकणार होता. लँकशरमधल्या जेरेमाया हॉरॉक्स नावाच्या विशीतल्या तरुणाने आकडे पुन्हा तपासले, शुक्राची दुरुस्ती केली आणि मित्र क्रॅबट्रीला पत्र लिहून कळवले, की बिंबावर लक्ष ठेव. दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडून दोघांनी शुक्राचा काळा ठिपका पाहिला. त्या दिवशी तो पाहिल्याची नोंद या दोघांचीच आहे.