सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का?

“आपण शहरात राहणाऱ्या, आपला शेतीशी काय संबंध?” असं आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात. मीही म्हणत असे. पण गेल्या वर्षी माझे धाकटे दीर गेले. दिवसकार्य आटोपल्यावर जावेनं हळूच विचारलं, “ताई, यांच्या नावचा दोन हजारांचा हप्ता आता बंद होणार का हो?” मला काही सांगता येईना. मग चौकशी करता करता जे कळलं, ते तुमच्याही कानावर घालते.

केंद्र सरकारची ‘पीएम किसान’ योजना २०१९ साली सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, थेट बँकेच्या खात्यात. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ‘नमो शेतकरी’ योजना काढून त्यात तेवढीच भर घातली. खतबियाण्याच्या दिवसांत हा पैसा घरात उपयोगी पडतो. नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबाला हप्ता एकच. तो मिळतो सातबाऱ्यावर ज्याचं नाव असेल त्याला. निंदणी-खुरपणीत कंबर मोडणाऱ्या बाईचं नाव तिथे नसेल, तर तिच्या खात्यात काही येत नाही!

शेजारचे म्हणाले, “ए.टी.एम.चं कार्ड आहे ना घरात? येतोय तोवर काढत राहा.” हे मात्र करू नये. माणूस गेल्यानंतर जमा झालेले पैसे सरकार परत मागू शकतं. सरळ वाट थोडी लांबची, पण अवघड नाही.

आधी मृत्यूचा दाखला घ्यावा. तो जोडून तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत द्यावा. अर्जात सगळ्या वारसांची नावं लिहावीत. मुलगे आणि मुली, दोघांचीही. मग फेरफार पडतो, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतात, आणि सातबाऱ्यावर बायकोचं नाव येतं. त्यानंतर तिने स्वतःच्या नावाने योजनेत नोंदणी करावी. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर हवी असा नियम आहे. पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. तिचं स्वतःचं बँक खातं आधारला जोडलेलं हवं आणि ‘ई-केवायसी’ही करावी लागते. मोबाईलवर जमलं नाही तर सेवा केंद्रात अंगठा देऊन होते.

घरात कुणी प्राप्तिकर भरत असेल, किंवा (चतुर्थ श्रेणी सोडून) सरकारी नोकरीत असेल, तर मात्र हा हप्ता मिळत नाही. तेव्हा अर्जाआधी आपल्या घरचं तपासून पाहा.

जावेला या सगळ्यासाठी पाच खेपा घालाव्या लागल्या. पहिल्या खेपेला एकाने “घरातला पुरुष कुठाय?” असंच विचारलं. तिने मृत्यूचा दाखला पुढे ठेवला आणि म्हणाली, “आता मीच.” परवा तिचा फोन आला: “ताई, आला हो हप्ता. माझ्या नावावर!”

मैत्रिणींनो, यासाठी वाईट दिवस उजाडायची वाट कशाला पाहायची? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी हयातीतच जमिनीवर बायकोचं नाव लावलं. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा पापड-कुरडयांबरोबर सातबाऱ्याचा एक उताराही घेऊन या. जेवणं झाल्यावर तो ह्यांच्यापुढे ठेवा, आणि विचारा, “यात माझं नाव कुठंय?”